पान्हा, नर्स आणि नर्सरी

‘नर्सरी’ हा शब्द मराठीत दोन घरी नांदतो. एक घर कलमांचे नि रोपांचे, दुसरे शाळेच्या पहिल्या पायरीचे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात निघालेल्या ‘डे नर्सरी’ मात्र आपल्याकडे पाळणाघरे ठरतात. मुळाला सर्वांत जवळचा हा अर्थच मराठीने घेतला नाही, असे दिसते.

ते मूळ मोठे दुधाळ आहे. इंग्रजी ‘नर्स’ ही जुन्या फ्रेंचमधल्या ‘नोरिस’ची लेक, आणि ‘नोरिस’ लॅटिन ‘नुत्रीक्स’च्या कुळातली. नुत्रीक्स म्हणजे अंगावर पाजणारी. ‘नुत्रीरे’ म्हणजे पाजणे, पोसणे. या क्रियापदाचे नाते पाझरणे या अर्थाच्या संस्कृत ‘स्नु’ धातूशी असावे. त्याच ‘स्नु’ला ‘प्र’ लागून ‘प्रस्नव’ झाला, प्राकृतात ‘पण्हअ’, आणि मराठीत आपला ‘पान्हा’. म्हणजे नर्स आणि पान्हा हे दूरचे सोयरे ठरतात.

आता शेजारचा ‘दाई’ घ्या. संस्कृत ‘धे’ म्हणजे पिणे. त्यावरून ‘धेनु’, आणि बहुधा ‘धात्री’ही. (‘धात्री’ कोणी ‘धा’ म्हणजे धारण करणे यावरूनही साधतात.) फारसी ‘दाया’ याच मुळाची. मराठी ‘दाई’ प्राकृत ‘धाई’वरून सरळ आली असती तर ‘ध’ टिकायला हरकत नव्हती. तो ‘द’ झाला, तेव्हा फारसीचा हात लागलेला असावा. गंमत पुढेच आहे. दाई आधी पाजणारी, मग बाळंतपण करणारी. नर्स आधी पाजणारी, मग आजाऱ्याची शुश्रूषा करणारी. दोन वेगळी मुळे, पण दोन्ही शब्द दुधाकडून औषधाकडे गेले.

युद्धानंतरच्या इंग्लंडात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. स्त्रिया युद्धकामावर जाव्यात म्हणून आरोग्य खात्याच्या देखरेखीखाली नर्सरी निघाल्या होत्या. त्याच खात्याच्या डिसेंबर १९४५च्या परिपत्रकाने धोरण पालटले: दोन वर्षांखालच्या मुलाची जागा घरी, आईपाशी, डे नर्सरी फक्त नाइलाजाने नोकरी करणाऱ्या आयांसाठी आणि घरची परिस्थिती आरोग्याला अपायकारक असलेल्या मुलांसाठी. पुढे १९४६चा राष्ट्रीय आरोग्य सेवा कायदा झाला आणि ५ जुलै १९४८ला अमलात आला. त्याचे २२वे कलम वाचण्याजोगे आहे. गरोदर स्त्रिया, ‘नर्सिंग मदर्स’ आणि शाळेत न जाणारी पाच वर्षांखालची मुले यांची काळजी, दातांसकट, त्याने स्थानिक आरोग्य प्राधिकरणांवर सोपवली. नर्सिंग म्हणजे इथे पाजणे! रुग्णसेवेच्या कायद्यात नर्सचा सर्वांत जुना अर्थ असा शाबूत राहिला.

डे नर्सरीही आरोग्य खात्याच्या होत्या. नर्सरी शाळा मात्र शिक्षण खात्याच्या. एकीत मुख्य बाई ‘मेट्रन’, दुसरीत शिक्षिका. डे नर्सरीत टॉवेलच्या खुंटीवर बदकाचे वा फुलाचे चित्र असे, म्हणजे अक्षर न येणाऱ्या मुलालाही आपलाच टॉवेल सापडे. स्वच्छतेचा हा नियम मुलाच्या हाती चित्रवाचनही देऊन जाई. एवढ्याशा खुंटीवर आरोग्य आणि शिक्षण एकत्र टांगलेले होते. खात्यांना मात्र ते वेगळे करावेसे वाटले.

आपली ‘वाडी’ इथे आठवते. संस्कृत ‘वाटिका’वरून ‘वाडी’. म्हणून बालवाडी, अंगणवाडी आणि रोपवाटिका या भावजया नव्हेत, सख्ख्या बहिणीच. २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडीत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि शाळेपूर्वीचे शिक्षण एकाच अंगणात आणले. नर्सच्या आणि दाईच्या पोटात पाजणे आणि बरे करणे शेवटी एकत्रच आले. लहान मुलांचा कारभार पाहणाऱ्यांनी ही शब्दांची साक्ष मानावी, असे मला मनापासून वाटते.