इंद्रायणीकाठचा सातवा दिवस

तुम्ही देहूत आहात. शतक सतरावं. १६३० च्या दुष्काळाला काही वर्षं लोटली आहेत, तरी मधूनच एखादं पडकं घर दिसतं. त्यातली माणसं परत आली नाहीत. वाट विचारू नका. सगळा गाव हळू आवाजात एकच गोष्ट बोलतो आहे, त्या बोलण्याच्या मागे गेलात की नदीवर पोहोचाल.

शिळेवर तुकोबा पडून आहेत. डोळे मिटलेले, ओठांना भेगा पडलेल्या. आज सातवा दिवस. पोटात अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि इंद्रायणी हाताच्या अंतरावरून वाहते आहे. वाघोलीच्या रामेश्वरभटांचं म्हणणं, शूद्राने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगायचा नाही. लिहिलंस ते नदीत बुडव. तुकोबांनी अभंगांच्या वह्या बांधल्या, वर दगड ठेवला आणि आपल्याच हातांनी डोहात सोडल्या.

वाकून पाण्यात पाहा. तळ दिसत नाही. शाई कशी करतात हे तुम्हाला ठाऊक असेल तर पोटात कालवेल. काजळ, डिंक आणि पाणी. पाण्याने होणारी शाई पाण्यानेच जाते, त्याला सात दिवस कशाला लागतात?

कीर्तनात हे सगळं एका दमात संपतं. बुवा वह्या बुडवतात आणि पुढच्या गजराला त्या वर येतात. इथे तसं होत नाही. इथे सकाळी बायका घागरी भरून नेतात, दुपारी दगड तापतो, संध्याकाळी गुरं पाण्यावर येतात, आणि डोह होता तसाच राहतो. शेवट तुम्हाला ठाऊक आहे. त्या माणसाला नाही.

काठावरचे लोक काय बोलतात तेही ऐका. आधी सावकारीची खतं बुडवली, आता अभंग बुडवले. प्रपंचही गेला, परमार्थही गेला. बोलणं झोंबतं, कारण हिशेब खरा आहे. थोरली बायको रखमाबाई दुष्काळात अन्नावाचून गेली. मुलगा संतू गेला. त्यानंतर वडिलोपार्जित खतांची निम्मी वाटणी भाऊ कान्होबाला देऊन उरलेली तुकोबांनी याच नदीत सोडली. ज्यांची कर्जं त्या दिवशी फिटली, त्यांतलेही काही आज या घोळक्यात उभे असतील.

तुकोबांची धाकटी बायको जिजाबाई येते. फडक्यात भाकरी आहे. ती शिळेपाशी उभी राहते, काही बोलत नाही, मग विठोबाच्या देवळाकडे तोंड करून त्याला एक सणसणीत शिवी हासडते आणि घराकडे वळते. घरात मुलं आहेत, चूल पेटायची आहे. आपल्या संतकथांनी तिला कजाग म्हणून मोकळं केलं. मला ते कधीच पटलं नाही. या सात दिवसांत उपाशी तो आहे, पण घर तिच्या डोक्यावर आहे.

आता तुकोबांकडे पुन्हा पाहा. श्रद्धा म्हणजे जे होईल ते मुकाट गोड मानून घेणं, अशी आपण समजूत करून घेतली आहे. शिळेवर तसलं काही चाललेलं नाही. हे धरणं आहे. देणं थकलं की वसुलीसाठी दारात उपाशी बसायचं, आपल्या उपासाचं पाप त्या घराच्या माथी घालायचं, ही जुनी रीत. महाजनाच्या घरात जन्मलेल्या तुकोबांना ती कुणी शिकवायला नको. माणसांकडची येणी त्यांनी नदीत सोडून दिली. देवाकडचं येणं मात्र सोडायला ते तयार नाहीत. तूच बोलवलंस म्हणून मी बोललो, तर आता तूच उत्तर दे, एवढाच दावा आहे. जो देणारच नाही असं वाटतं, त्याच्या दारात कुणी सात दिवस बसत नाही. तुमचंही एखादं उत्तर वर्षानुवर्षं अडलेलं असेल आणि देवाशी भांडल्याची खंत वाटत असेल, तर या माणसाशेजारी थोडा वेळ बसा.

तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. रामेश्वरभट पुढे तुकोबांचेच शिष्य झाले. देवळोदेवळी म्हटली जाणारी तुकारामांची आरती त्यांच्याच नावावर आहे.

घरी परतलात की गाथा उघडा आणि वह्या मिळाल्यानंतरचे अभंग काढून वाचा. जिंकल्याचा जल्लोष तिथे सापडणार नाही. लोकांच्या बोलण्यापायी तेरा दिवस डोळे मिटून पडलो, आपल्या तहानभुकेचं ओझं देवावर टाकलं, त्याला शिणवलं, हा आपलाच अन्याय झाला, असं म्हणून तुकोबा तिथे देवाची क्षमा मागतात.