कुलूप कोणाचें, हक्क कोणाचा?

कोणाची गाय सोडून नेली तर त्याचा गोठा रिकामा होतो. परंतु कोणाची पोथी नकलून घेतली तर मूळ पोथी त्याच्या घरीं जशीच्या तशी राहते. म्हणूनच आपल्याकडे पोथी नकलणाऱ्यास कोणी चोर म्हटलें नाहीं. उलट तें पुण्यकर्मच समजलें जाई. संगणक सामान्य माणसाच्या घरांत आला, तेव्हां हा जुना भेद नव्या रूपानें पुढें उभा राहिला. संगणकास राबविणारी आज्ञावली, जिला आपण प्रोग्रॅम म्हणतों, ती रचावयास महिने लागतात आणि नकलावयास क्षण पुरतो. अशी नक्कल ही चोरी काय, आणि ती रोखण्यासाठीं घातलेलें कुलूप फोडणें नेहमींच अनीतीचें काय, या दोन प्रश्नांचा इतिहास आज थोडक्यांत पाहूं.

१९७५ च्या जानेवारींत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर 'आल्टेअर ८८००' हा हौशी लोकांनीं घरीं जोडावयाचा संगणक झळकला. त्याच्यासाठीं बिल गेट्स व पॉल अ‍ॅलन या तरुणांनीं 'बेसिक' भाषेची आज्ञावली तयार केली. ती छिद्रें पाडलेल्या कागदी पट्टीवर मिळे. कॅलिफोर्नियांतील होमब्रू कॉम्प्युटर क्लबाच्या मंडळींच्या हातीं अशी एक पट्टी लागली. तिच्या नकला झाल्या व त्या हातोहात वांटल्या गेल्या. त्यावर ३ फेब्रुवारी १९७६ रोजीं गेट्स यांनीं हौशी मंडळींस अनावृत पत्र लिहिलें. आपण वापरलेल्या संगणकाच्या वेळाचें मोलच ४०,००० डॉलरांवर जातें, आल्टेअर बाळगणाऱ्यांपैकीं शेंकडा दहांनींही बेसिक विकत घेतलेलें नाहीं, आणि हातीं आलेला मोबदला पाहतां तासास दोन डॉलरही पडत नाहींत, अशी त्यांची तक्रार होती.

या तक्रारीनें अनेकजण रागावले. परंतु खरें उत्तर दिलें तें कांहीं थोड्यांनीं. त्यांनीं 'टायनी बेसिक' नांवाच्या लहान आज्ञावल्या स्वतः रचल्या. टॉम पिटमन यांनीं आपली आज्ञावली अवघ्या ५ डॉलरांस विकावयास काढली. किंमत जड वाटली तर दुसऱ्याचें श्रम न लुबाडतां स्वतः श्रम करावे, हा मार्गही त्याच काळांत दिसला होता.

पुढें आज्ञावली फ्लॉपीच्या चकतीवर मिळूं लागली आणि विक्रेत्यांनीं तिला कुलपें घातलीं. चकतीवर मुद्दाम एखादी खूण करावयाची. आज्ञावलीनें ती खूण शोधावयाची आणि न सांपडल्यास काम नाकारावयाचें. साध्या नकलेंत ती खूण उतरत नसे. परंतु चकती ही नाजूक वस्तु. ती बिघडली कीं प्रामाणिकपणें पैसे मोजलेल्या गृहस्थाचीही आज्ञावली नाहींशी होई. वास्तविक अमेरिकेच्या १९८० च्या कायद्यानें आज्ञावलीच्या मालकास जपून ठेवण्यासाठीं एक प्रत करण्याचा हक्क दिला होता. कायद्यानें दिलेलें कुलपानें हिरावून घेतलें!

हा पेंच न्यायालयांत गेला. व्हॉल्ट कंपनी खुणेच्या चकत्या विकी, तर क्वेड कंपनी ती खूण निष्प्रभ करणारें साधन विकी. १९८८ सालीं अपील न्यायालयानें क्वेडच्या बाजूनें निकाल दिला. कारण त्या साधनाचा जपणुकीची प्रत करणें हा रास्त उपयोग होता. अर्थात् तीच किल्ली चोराच्याही हातीं पडे, हें नाकारून चालणार नाहीं. कुलूप फोडून आज्ञावलीच्या आरंभींच आपलें टोपणनांव झळकविणाऱ्या टोळ्या त्या काळीं थोड्या नव्हत्या.

१९९८ सालीं अमेरिकेनें नवा कायदा केला. त्यानें असें कुलूप फोडणें हेंच मुळांत निषिद्ध ठरविलें आणि ठराविक मुदतीनें अपवाद जाहीर करण्याचें काम काँग्रेसच्या ग्रंथपालांकडे सोंपविलें. २००३ सालीं त्यांना एक अपवाद करावा लागला तो जुन्या, प्रचारांतून गेलेल्या चकत्यांवरील आज्ञावल्या व खेळांसाठीं. कारण मूळ चकतीशिवाय त्या उघडतच ना. ज्या कुलपानें मालाचें रक्षण करावयाचें, तेंच त्याच्या नाशास कारण होऊं लागलें होतें.

आपल्या देशांत १९८४ च्या दुरुस्तीनें आज्ञावलीस साहित्यकृतीचें संरक्षण मिळालें. २०१२ च्या दुरुस्तीनें कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला. परंतु त्यांत एक अट घातली कीं, फोडणाऱ्याचा हेतु कर्त्याचा हक्क बुडविण्याचा असला पाहिजे. माझ्या मतें नीतीचा धागा याच अटींत आहे. कुलूप कांहीं देव नव्हे. त्यामागील माणसाचें श्रम मात्र पूज्य आहेत. विकत घेतलेली वस्तु वांचविण्यासाठीं कुलूप काढणारा आणि फुकट मिळविण्यासाठीं तें फोडणारा, यांच्या हातांतील हत्यार एकच असतें. म्हणून हत्याराकडे न पाहतां, कोणाच्या घामाचें मोल बुडालें, एवढेंच विचारावें. श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर न्यायालयाच्या आधीं ज्याचें त्यालाच ठाऊक असतें.