परराज्यातली जुनी गाडी नवी मुंबईत: पीयूसी चालते, पण तेवढ्यावर भागत नाही

नेरुळ, कोपरखैरणे किंवा घणसोलीतल्या मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एमएच ४३ च्या रांगेत डीएल, केए, जीजे, यूपी अशा नंबरप्लेट हमखास दिसतात. काही गाड्या बदली होऊन आलेल्यांच्या, काही दिल्लीच्या बाजारातून स्वस्तात आणलेल्या. या गाड्यांबद्दल दोन उलटसुलट समज आहेत. एक म्हणजे, दुसऱ्या राज्यातली पीयूसी इथे चालत नाही. दुसरा म्हणजे, पीयूसी ताजी असली की बाहेरची गाडी बिनधास्त वापरता येते. दोन्ही चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त महागात पडतो.

पीयूसी कुठली चालते?

पीयूसीचा नियम राज्याचा नाही, केंद्राचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ११५ व्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला एक वर्ष झालं की प्रत्येक इंधनाच्या गाडीला वैध पीयूसी लागते. (इलेक्ट्रिक गाड्यांना ती लागत नाही.) जून २०२१ मध्ये केंद्राने देशभरासाठी क्यूआर कोड असलेला एकच नमुना ठरवला आणि पीयूसीची माहिती 'वाहन' या राष्ट्रीय डेटाबेसला जोडली. त्यामुळे बेंगळुरूत काढलेली पीयूसी मुदत संपेपर्यंत वाशीतही वैध असते, आणि केए नंबरच्या गाडीची चाचणी वाशीतल्या अधिकृत केंद्रावरही होते. त्याच वेळी 'रिजेक्शन स्लिप' आली. गाडी चाचणीत नापास झाली तर केंद्राने तशी पावती द्यायची असते. ती घेऊन गॅरेजमध्ये इंजिनाचं काम करायचं आणि पुन्हा चाचणी द्यायची.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये चाचणीचे दर वाढले: दुचाकीला ५० रुपये, पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवरच्या चारचाकीला १२५ आणि डिझेल गाडीला १५० रुपये. परराज्यातली गाडी म्हणून वेगळा दर नाही. पीयूसी नसेल तर मात्र २०१९ च्या सुधारणेनंतर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं.

सहा महिने की वर्ष?

गाडी कुठून आली हे खरं महत्त्वाचं ठरतं ते इथे. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांची सहाच महिने. पण बीएस-४ देशभर एकाच दिवशी आलं नाही. एप्रिल २०१० मध्ये ते दिल्ली परिसर, मुंबई, पुणे, सोलापूर, बेंगळुरू अशा १३ शहरांपुरतं लागू झालं आणि संपूर्ण देशात एप्रिल २०१७ मध्ये. म्हणजे २०११ ची दिल्लीची गाडी बीएस-४ असेल, तर त्याच वर्षी, त्याच कंपनीची, दूरच्या एखाद्या जिल्ह्यात विकलेली गाडी बीएस-३ असू शकते. दोन्ही गाड्या आज खारघरला शेजारी उभ्या असल्या तरी त्यांचे नियम वेगळे.

फरक मुदतीपुरता नाही. चाचणीची मर्यादाही गाडीच्या बीएस दर्जावर ठरते. डिझेल गाडीच्या धुराची मर्यादा बीएस-३ पर्यंत ६५ हार्टरिज युनिट, बीएस-४ ला ५०. पेट्रोल कारच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड बीएस-३ ला ०.५ टक्के चालतो, बीएस-४ ला ०.३ टक्केच. हायड्रोकार्बनची मर्यादा तर ७५० वरून थेट २०० पीपीएमवर येते. जुनी गाडी घेताना आरसीवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये हा दर्जा पाहून ठेवणं चांगलं. मॉडेलच्या वर्षावरून अंदाज बांधला तर तो चुकू शकतो.

या चाचणीची मर्यादाही मोठी आहे. पेट्रोल गाडीचे एक-दोन वायू आणि डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा, एवढंच ती तपासते. नायट्रोजन ऑक्साइड किंवा सूक्ष्म कण मोजलेच जात नाहीत. म्हणून हातात पीयूसी असूनही गाडी काळा धूर सोडत असेल, तर नियम ११६ नुसार अधिकारी लेखी आदेश देऊन सात दिवसांत पुन्हा चाचणी मागू शकतो.

बारा महिन्यांनंतर काय?

पीयूसीचा आणि नंबरप्लेटचा संबंध नसला, तरी नंबरप्लेटचा स्वतंत्र कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, फॉर्म २७ आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर लागतो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण ते पैसे यायला किती वेळ लागतो हे ज्यांनी हेलपाटे घातलेत त्यांनाच विचारावं. बीएच सिरीजच्या गाड्या या भानगडीतून सुटलेल्या आहेत. वाशीचं आरटीओ एमएच ४३, तर पनवेलचं एमएच ४६, त्यामुळे पत्ता कुठल्या हद्दीत येतो हे आधी पाहावं.

गाडी १५ वर्षांची झाली की आरसीचं नूतनीकरण. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करायचा, गाडी तपासून घ्यायची, आणि पुढे दर पाच वर्षांनी हेच. एप्रिल २०२२ पासून याची फी कारला ५,००० आणि मोटरसायकलला १,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती दुप्पट झाली. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा.

दिल्लीची स्वस्त डिझेल

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांना दिलासा दिला, पण डिसेंबरमध्ये तो बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरताच ठेवला. महाराष्ट्रात दहा वर्षांची अशी बंदी नाही, म्हणून या गाड्या इकडे विकायला येतात.

फसगत एनओसीत होते. अशा गाड्यांना वाहनांची दाटी कमी असलेल्या जिल्ह्यांसाठीच एनओसी द्यावी, असं लवादाने २०१६ मध्येच सांगितलं होतं. एनओसी दुसऱ्याच जिल्ह्याच्या नावावर असेल, किंवा दिल्लीत नोंदणी आधीच रद्द झाली असेल, तर पीयूसी कितीही ताजी असली तरी गाडी एमएच ४३ होणं अवघड. एजंटचं 'काम होऊन जाईल' ऐकून टोकन देण्याआधी एनओसीवर कोणत्या आरटीओचं नाव आहे ते वाचावं, आणि गाडीच्या नंबरवरून 'वाहन' पोर्टलवर आरसीची स्थिती 'ॲक्टिव्ह' दिसते का ते पाहावं.

मुंबई परिसराचं चित्रही बदलू शकतं. उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. त्याच सुनावणीनंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का, हे तपासायला समिती नेमली. नवी मुंबई त्याच प्रदेशात येते.