रस्त्याकडेची कुडझू

कुडझू ही पूर्व आशियातली, शेंगा धरणारी वेल. जपानात तिच्या कंदाचे पीठ खाण्यात होते आणि खोडाच्या धाग्याचे कापड विणले जाई. अमेरिकेत ती पोचली 1876 साली, फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनातल्या जपानी विभागाची शोभा म्हणून. तिथल्या लोकांनी सावलीसाठी ती घरांच्या ओसरीवर चढवली. जनावरे तिचा पाला आवडीने खातात हे हेरून फ्लोरिडातल्या चिप्ली गावच्या प्लीस दांपत्याने पुढे टपालाने रोपे विकायला सुरुवात केली.

तिचे खरे नशीब उघडले ते जमिनीच्या धुपीने. कापसामागून कापूस घेऊन दक्षिणेकडची शेते उघडी पडली होती, पावसाने त्यांत घळी पाडल्या होत्या. 1935 पासून सरकारी मृदसंधारण सेवेने कुडझू लावायला एकरी 8 डॉलरपर्यंत देऊ केले. माती तिने धरलीही. पण थंड हवामानाची आणि चरणाऱ्या जनावरांची आडकाठी नसेल तिथे ती उन्हाळ्यात दिवसाला फूटभर वाढते. पेर मातीला टेकले की तिथे मूळ फुटते, आणि झाडावर पसरली की खालच्या पानांचा उजेडच तुटतो. 1953 मध्ये कृषी खात्याने तिला शिफारशीच्या यादीतून वगळले.

ओळखायला पान पुरत नाही. पळसाला पाने तीनच, तशी कुडझूलाही तीनच. पण अंगाला खाज आणणाऱ्या पॉयझन आयव्हीलाही तीनच. आयव्ही खोडाला फुटलेल्या बारीक मुळांनी झाडाला चिकटून चढते, कुडझू आधाराला वेढे घालते. तिच्या कोवळ्या खोडावर तपकिरी लव असते, पर्णिकांना अनेकदा उथळ खाचा असतात. उन्हाळा सरताना येणाऱ्या जांभळ्या तुऱ्यांना द्राक्षाचा वास येतो आणि मागून लवदार चपट्या शेंगा धरतात. आपल्याकडची घोडवेल, म्हणजे विदारीकंद, हिचीच भाऊबंद.

‘दक्षिण गिळणारी वेल’ ही तिची ख्याती मात्र फुगवलेली आहे. कुडझूला ऊन हवे, म्हणून ती रानाच्या कडेला, रस्त्यालगत माजते आणि प्रवाशाला सगळीकडे तीच दिसते. वनसेवेच्या मोजणीत ती सुमारे 2 लाख 27 हजार एकर वनजमिनीवर आढळली. कुंपणासाठी आणलेले आशियाई प्रिव्हेट हे झुडूप याच्या सुमारे 14 पट जागेवर पसरले आहे.