ओत्सूच्या रस्त्यावर रशियाचा युवराज

सोमवार, ११ मे १८९१. बिवा सरोवराकाठच्या ओत्सू गावात, क्योमाचीच्या रस्त्यावर तुमचं चित्रांचं दुकान आहे. साधूची वस्त्रं घालून, गळ्यात टोल अडकवून दान मागत फिरणारा राक्षस हे तुमच्याकडचं सगळ्यांत खपाचं चित्र. तोकाइदोच्या वाटेने क्योतोकडे पायी निघालेले प्रवासी दोनशेहून अधिक वर्षं असली चित्रं आठवण म्हणून घेऊन जात. १८८९ साली शिम्बाशी ते कोबे असा सलग लोहमार्ग झाला आणि पायी चालणारे आटले. आता माणसं ओत्सू पाहतात ती डब्याच्या खिडकीतून. म्हणून आज रशियाच्या झारचा थोरला मुलगा गावात जेवायला थांबणार, या बातमीने तुम्ही सकाळपासून दुकानाची पायरी दोनदा धुतली आहे.

पाहुणा बावीस वर्षांचा आहे, नाव निकोलाय. सोबत त्याचा मामेभाऊ, ग्रीसचा राजपुत्र जॉर्ज. ‘पाम्यात अझोवा’ या युद्धनौकेवरून दोघं जग पाहायला निघालेत. गेल्या डिसेंबरात ही नौका मुंबईत लागली होती. युवराजाचा धाकटा भाऊ तिथे आजारी पडला आणि माघारी गेला. थोरला हिंदुस्थानभर फिरला, आणि इंग्रज सरकारने हसतमुखाने त्याच्यावर नजर ठेवली. जपानमध्ये मात्र त्याचा वेळ मजेत चालला आहे. नागासाकीत त्याने उजव्या हातावर ड्रॅगन गोंदवून घेतला. मग कागोशिमा, कोबे, क्योतो. आज सकाळी मिइदेरा विहार आणि सरोवरातली नौकाविहाराची फेरी, आता शिगा प्रांताच्या कचेरीत जेवण, मग परत क्योतो.

पण त्याच्या येण्यावरून गावात नुसता आनंद नाही, हे तुम्ही हिशेबात धरा. सैबेरियातून पूर्वेच्या समुद्रापर्यंत रशिया रेल्वे टाकणार आहे आणि हाच युवराज इथून व्लादिवोस्तोकला जाऊन कामाचा शुभारंभ करणार आहे. ती रेल्वे कशासाठी, हे कोणी उघड बोलत नाही आणि सगळ्यांना कळतं. त्यात आणखी एक अफवा: साइगो ताकामोरी जिवंत आहे! १८७७च्या बंडात कागोशिमात मेलेला तो बंडखोर सेनानी खरं तर रशियात पळाला होता आणि आता युवराजाच्या जहाजातून परत येतोय म्हणे. वर्तमानपत्रांनी ही आवई चवीने छापली. साइगो परतला तर त्या युद्धात सरकारकडून लढलेल्यांची पदकं काढून घेणार, असंही कोणीतरी पसरवून दिलं. मेलेल्या माणसाला परत बोलावणारी अफवा कुठल्या देशात नसते? पण ही अफवा ऐकणाऱ्यांत एक पदकवाला हवालदारही होता.

दुपारचे पावणेदोन वाजून गेलेत. दोन्ही बाजूंना माणसं दाटीने उभी आहेत, ठरावीक अंतरावर पोलीस. रिक्षांची रांग येते. माणसाने ओढायच्या रिक्षा, माथेरानला असायच्या तशा. अशा चाळीसच्या आसपास, एकामागून एक. पुढच्या चार जातात. पाचवीत गोल टोपी घातलेला तरुण दिसतो, तुम्ही वाकता. त्याला सलाम ठोकणारा पोलीस तुमच्यापासून फार लांब नाही. सलाम होतो, आणि त्याच हाताने तो तलवार उपसतो.

पुढचं सगळं तुम्हाला तुकड्यातुकड्यांत दिसतं. पहिला वार टोपीवरून डोक्याच्या उजव्या बाजूला. दुसरा वार. युवराज ओरडून रिक्षातून उडी मारतो आणि हाताने जखम दाबून गर्दीतून पळत सुटतो. गर्दी त्याला वाट देते, कारण गर्दीला काही कळलेलंच नाही. मागच्या रिक्षातून जॉर्ज उतरतो आणि हातातल्या बांबूच्या काठीने पोलिसाच्या पाठीत हाणतो. मुकोहाता जिसाबुरो नावाचा रिक्षावाला पोलिसाचे पाय धरून त्याला आडवा पाडतो. कितागाइची इचितारो हा दुसरा रिक्षावाला खाली पडलेली तलवार उचलून त्याच्यावरच चालवतो. मिनिटभरात आटोपतं. युवराजाला शेजारच्या कापडाच्या दुकानात बसवून डोकं बांधतात. जखम नऊ सेंटिमीटरची आहे, पण जीव वाचतो.

हल्लेखोराचं नाव त्सुदा सान्झो, वय छत्तीस. सामुराई घराण्यातला, १८७७च्या युद्धात जखमी झालेला, पदक मिळवलेला. पुढे चौकशीत तो सांगेल की युवराज आधी सम्राटाला भेटायला तोक्योला गेला नाही, हा उद्धटपणा होता. आणि तो आपला देश हेरायला आला होता. बंदोबस्ताला लावलेला माणूसच परराष्ट्र धोरण आपल्या हातात घेतो तेव्हा बंदोबस्त कोणाचा करायचा, हा प्रश्न आज रात्री तोक्योत बसलेल्या मंत्र्यांना पडणार आहे. मात्सुकाता मासायोशी पंतप्रधान होऊन अजून आठवडाही झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री तुम्ही बाबा स्टेशनाकडे जा. सम्राटांची गाडी तिथून जाईल. सकाळी तोक्योहून निघालेले सम्राट रात्री क्योतोला पोहोचताहेत, तेही एका परक्या तरुणाची माफी मागायला. तुमचा धंदा बुडवणाऱ्या याच लोहमार्गाने आज देशाची लाज झाकायला मदत केली, असं कोणी म्हणालं तर हसू नका. लोक खरंच घाबरलेत. रशिया भरपाई मागेल, उत्तरेकडची चिशिमा बेटं मागेल, किंवा सरळ युद्धच पुकारेल. जपानी नौदल त्याच्यापुढे अगदीच लहान आहे.

मग आठवडाभर जे चालतं ते भीतीतून आलं की शरमेतून, हे उभ्या-उभ्या ठरवता येत नाही. शाळा बंद, नाटकगृहं बंद. देवळांत प्रार्थना. युवराजाच्या क्योतोतल्या हॉटेलात दहा हजारांवर तारा येतात. यामागाता प्रांतातल्या कानेयामा गावात ठराव होतो की यापुढे कोणी मुलाचं नाव सान्झो ठेवू नये आणि त्सुदा आडनाव घेऊ नये. १६ तारखेला सरकार फतवा काढतं: परराष्ट्र व्यवहाराचा मजकूर आधी दाखवल्याशिवाय छापायचा नाही. अफवा छापत होते तोवर कोणी अडवलं नव्हतं. आता बातमी अडवली जाते. मग बातमी तुमच्यापर्यंत येते ती स्टेशनावरच्या हमालांकडून.

१९ तारखेला सम्राट कोबे बंदरात रशियन जहाजावर जेवायला जातात. मंत्री हवालदिल: तिथूनच पळवून नेलं तर? सम्राट जातात, जेवतात, परत येतात. त्याच दिवशी जहाज निघतं. युवराजाने कटुता दाखवलेली नाही, मात्र तोक्यो न पाहताच तो चालला आहे. घरून तसा हुकूम आला.

दुसऱ्या दिवशी क्योतोच्या प्रांतकचेरीसमोर हाताकेयामा युको नावाची एक स्त्री जीव देते. तोक्योत घरकाम करून पोट भरणारी, वय सत्तावीस. युवराजाने रागावून परत जाऊ नये, एवढीच तिची विनवणी. तिच्याजवळ पत्रं सापडतात. परदेशी लेखक लाफकादियो हर्नने पुढे तिच्यावर भारावून लिहिलं. मला ते भारावणं पटत नाही. मंत्र्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या घबराटीची किंमत एका मोलकरणीने दिली, आणि नंतर तिची देशभक्त म्हणून पूजा करणं सगळ्यांनाच सोयीचं झालं.

तुम्हाला आता खटल्यापर्यंत ओत्सूतच थांबायचं आहे, कारण खटला इथेच चालणार. सरकारला त्सुदाला फाशी हवी आहे. कलम ११६ प्रमाणे सम्राट, सम्राज्ञी किंवा युवराज यांना इजा करणाऱ्याला मृत्युदंड आहे. परराष्ट्रमंत्री आओकी शूझोने रशियन राजदूत शेविचला आधीच शब्द देऊन ठेवला होता की युवराजाला काही झालं तर हेच कलम लावू. पण कलमात ‘परक्या देशाचं राजघराणं’ असं कुठेच लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा अध्यक्ष कोजिमा इकेन म्हणतो, नाही तर नाही. साध्या माणसावर झाला असता तसाच हा खुनाचा प्रयत्न, आणि त्याला जास्तीत जास्त जन्मठेप. लष्करी कायदा लावा, असं सुचवलं जातं. माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी सांगतो त्याप्रमाणे, गुंड लावून त्सुदाला तुरुंगातच संपवा आणि आजाराने मेला म्हणा, असाही सल्ला दोन बड्या नेत्यांनी दिला होता. राज्यघटना अमलात येऊन सहाच महिने झालेत, हे इथे ध्यानात घ्या.

गृहमंत्री स्वतः ओत्सूत येऊन दबाव टाकतो. त्याचं नाव साइगो त्सुगुमिची. हो, ज्या साइगोच्या परत येण्याच्या अफवेने सगळं सुरू झालं, त्याचाच धाकटा भाऊ.

२७ मे, बुधवार. सात न्यायाधीश बसतात. तुम्ही कोर्टाच्या दाराबाहेर उभे आहात. संध्याकाळी निकाल येतो: जन्मठेप. त्सुदाला होक्काइदोतल्या कुशिरोच्या तुरुंगात धाडतात आणि सप्टेंबरअखेर तो न्यूमोनियाने मरतो. आओकी, साइगो आणि न्यायमंत्री यामादा, तिघांची पदं जातात. रशिया निकालावर नाराज होतो, पण तोफा काही धडाडत नाहीत.

कोजिमाचा पुतळा करायची घाई नको. खटला ऐकणाऱ्या सात जणांत तो नव्हता. त्यांना आपल्या बाजूला वळवायला तो मागे लागला होता. सरकारने न्यायाधीशांवर दबाव टाकू नये म्हणून त्याने स्वतः टाकला. पुढच्याच वर्षी पत्त्यांच्या जुगाराच्या आरोपात सापडला. पुरावा मिळाला नाही, तरी खुर्ची सोडावी लागली. पण त्या दिवशी कायद्याचं वाचन त्याचंच बरोबर होतं. ‘जपानी न्यायालयांवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आमच्या माणसांचे खटले आमचा वाणिज्यदूतच चालवील,’ असं पाश्चात्त्य देश तेव्हा सांगत. हा हक्क सोडायचा करार इंग्लंडने १८९४ साली केला. एका निकालाने तो करार झाला असं नाही, पण निकालाचा उपयोग झाला. लंडनमध्ये त्या करारावर जपानतर्फे सही करणारा माणूस आओकी शूझो होता. कायदा वाकवायचा शब्द देणारा तोच.

रिक्षावाल्यांचं राहिलंच. जहाजावर बोलावून रशियाने दोघांना प्रत्येकी २,५०० येन दिले आणि वर्षाला १,००० येन तहहयात. जपान सरकारचं पेन्शन वर्षाला ३६ येन. तुमच्या संसदेच्या सभासदाला तेव्हा वर्षाला ८०० येन मिळत, म्हणजे रिक्षा ओढणारा खासदाराहून श्रीमंत झाला. मुकोहाताने पैसा जुगारात घालवला. कितागाइचीने शेती घेतली, लिहायला-वाचायला शिकला, जिल्हा मंडळावर निवडून आला. १९०४ मध्ये रशियाशी युद्ध पेटलं तसं दोघांचं रशियन पेन्शन थांबलं. कितागाइचीच्या गावातले लोक मग त्याला रशियाचा हेर म्हणू लागले.