यंत्राकडे मागावे कसे : प्रस्तावना

‘आंबे काढणारा कोकणातला शेतकरी’ एवढेच शब्द चित्रे तयार करणाऱ्या एआयला दिले, तर बहुधा जे चित्र येते त्यात आंबे पिवळेधमक असतात, झाड हाताला लागेल इतके ठेंगणे असते, शेतकऱ्याच्या डोक्याला फेटा असतो आणि पायाशी वेताची टोपली. चित्र देखणे असते. रत्नागिरीत मात्र ते कोणी आपले म्हणणार नाही. इथला हापूस झाडावर पिवळा होऊ देत नाहीत. चौदा आणे तयार झाला की हिरवा असतानाच देठासकट उतरवतात. जुनी कलमे उंच, त्यामुळे काढणारा गडी एक तर फांदीवर चढलेला असतो किंवा खाली उभा राहून झेला, म्हणजे फळे उतरवायची जाळीची काठी, वर सरकवत असतो. खाली जांभ्याची तांबडी माती, बाजूला प्लॅस्टिकचे क्रेट. पेंढा घातलेली लाकडी पेटी त्यानंतरची. यंत्राने हे सगळे चुकवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते.

आपण जे सांगत नाही, त्या मोकळ्या जागा यंत्र कशाने भरते, हा यंत्राकडे मागणी (‘प्रॉम्प्ट’) लिहिण्याच्या या नव्या अभ्यासविषयाचा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर कळले की पुढच्या बहुतेक युक्त्या ज्याच्या त्याला सुचतात, आणि ते कळले नाही तर पाठ केलेल्या युक्त्या महिन्याभरात शिळ्या होतात.

विषय वयाने अगदी लहान आहे. आजच्या भाषायंत्रांचा पाया असलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना गूगलमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली. २०२० मध्ये ओपनएआयच्या जीपीटी-३ ने दाखवले की, प्रश्नासोबत दोन-चार सोडवलेले नमुने दिले तर नव्याने प्रशिक्षण न देताही यंत्र तशाच धाटणीचे काम करू शकते. मागणी लिहिण्याला महत्त्व आले ते इथून. चित्रे काढणाऱ्या यंत्रांपैकी डॅल-ई जानेवारी २०२१ मध्ये आले, स्टेबल डिफ्यूजन ऑगस्ट २०२२ मध्ये, आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यावर प्रयोगशाळेतली ही गोष्ट कॉलेजच्या कट्ट्यावर आणि झेरॉक्सच्या दुकानात पोचली.

आत काय चालते ते थोडक्यात सांगतो. गप्पा मारणारे यंत्र आधीचा मजकूर पाहून पुढचा शब्दांश कोणता येण्याचा संभव जास्त, हे ठरवत जाते. चित्र काढणाऱ्या यंत्रांचा एक मोठा वर्ग नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतो आणि आपल्या शब्दांच्या आधाराने तो गोंधळ पायरीपायरीने कमी करतो. दोन्ही यंत्रे जे शिकली ते माणसांनी आधी लिहिलेल्या मजकुरातून आणि काढलेल्या चित्रांतून. म्हणून मागणी जितकी मोघम, तितके उत्तर सर्वसाधारण. आता हे ‘सर्वसाधारण’ कोणाचे, ते पाहावे. स्टेबल डिफ्यूजन ज्या लायन-५बी या संग्रहाच्या काही भागांवर शिकले, त्या पूर्ण संग्रहात सुमारे ५८५ कोटी चित्रे मजकुरासह आहेत आणि त्यांतल्या सुमारे २३२ कोटींचा मजकूर इंग्रजी आहे. मराठी ओळीसह झेल्याची छायाचित्रे त्यात किती सापडतील, याचा अंदाज वाचकाने स्वतःच करावा.

तेव्हा झेला हे नाव देऊन थांबू नये. वस्तू शब्दांत बांधून द्यावी. बांबूची लांब काठी, टोकाला लोखंडी कडे, कड्याला देठ कापणारे पाते, खाली दोऱ्याची जाळी, जाळीत देठासकट दोन हिरवे आंबे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘नूतन झेला’ देठ राखून फळ कापतो. देठ राहिला की चीक सालीवर ओघळून डाग पडत नाहीत. ही कारणे यंत्राला सांगण्याची गरज नाही, पण ती ठाऊक असलेला माणूस मागणीत देठ लिहायला विसरत नाही. मग वेळ सांगावी : एप्रिलमधली सकाळ, डाव्या बाजूने तिरपे ऊन. पाहणारा कुठे उभा आहे ते सांगावे : झाडाखाली, खालून वर पाहतो आहे. शेवटी छायाचित्र हवे, जलरंग हवा की शाळेच्या पुस्तकातले रेखाचित्र, तेही लिहावे. झेल्याचा स्वतः काढलेला फोटो सोबत जोडण्याची सोय असेल तर ती आधी वापरावी; दहा ओळींच्या वर्णनाचे काम एक फोटो करतो.

नकार जपून वापरावा. ‘फेटा नको’ असे लिहिले की कित्येकदा फेटाच येऊन बसतो, कारण यंत्राच्या हिशेबात तो शब्द मागणीत आलेलाच असतो. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो. तो नसेल तर ‘उघडे डोके, बारीक कापलेले केस’ असे लिहून जागा भरून टाकावी. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सगळा मजकूर नव्याने लिहिला तर कशाने काय सुधारले ते कळत नाही. सुरुवातीचा ठिपक्यांचा गोंधळ ठरवणारा ‘सीड’ हा आकडा कायम ठेवण्याची सोय असेल तर ही तुलना अधिक चोख होते. पेटीवरचा मराठी मजकूर मात्र यंत्राकडून काढून घेण्याचा हट्ट धरू नये. अलीकडे सुधारणा झाली असली तरी जोडाक्षरे अजून मोडू शकतात. पेटी कोरी मागावी आणि ‘रत्नागिरी हापूस’ ही अक्षरे नंतर साध्या डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवावीत.

‘मास्टरपीस’, ‘आठ-के’ असे शब्द मागणीच्या शेपटाला लावण्याची टूम होती. सुरुवातीच्या यंत्रांत त्यांचा थोडाफार उपयोग होई. आता फारसा होत नाही. जादूच्या शंभर प्रॉम्प्टांच्या याद्या विकणाऱ्यांवर पैसे घालवण्यापेक्षा त्या पैशांत आंबे खावेत, असे माझे मत आहे.

चॅटबॉटच्या बाबतीत मोघमपणाचा तोटा लवकर दिसत नाही, कारण त्याची भाषा सफाईदार असते. ‘थिबा राजा रत्नागिरीत कुठे राहत होता?’ या प्रश्नाला ‘थिबा राजवाड्यात’ हे उत्तर येण्याचा संभव मोठा, आणि ते ऐकायला बरोबरही वाटते. पण ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला रत्नागिरीत आणले १८८६ मध्ये, राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये आणि राजा वारला १९१६ मध्ये. म्हणजे इथल्या तीस वर्षांपैकी राजवाड्यातली जेमतेम सहा. प्रश्नच असा करावा : ‘१८८६ ते १९१६ या काळात थिबा राजाचा मुक्काम कुठे कुठे होता, ते सालवार सांग, ज्या काळाची खात्री नाही तिथे तसे लिही.’ सालवार मांडणीमुळे रिकामा राहिलेला काळ डोळ्यांसमोर येतो. ‘खात्री नाही’ म्हणायची मुभा दिल्याने थापा पूर्ण थांबत नाहीत, पण कमी होतात. याहून चांगला मार्ग म्हणजे विश्वासाच्या पुस्तकातली पाने यंत्रासमोर ठेवायची आणि उत्तर त्यांतूनच दे, कोणत्या वाक्यावरून दिलेस तेही दाखव, असे बजावायचे.

हाच मार्ग बागायतदारानेही धरावा. तुडतुडे, भुरी, करपा यांवर ‘काय फवारू?’ असे आठवणीवर चालणाऱ्या यंत्राला विचारणे धोक्याचे आहे. औषधाच्या मात्रेतला एक आकडा चुकला तर अख्खा मोहोर हातचा जातो. कृषी विद्यापीठाचे मोहोर संरक्षणाचे चालू वेळापत्रक त्याला द्यावे आणि आपल्या बागेतला मोहोर कोणत्या अवस्थेत आहे ते सांगून त्यातली लागू ओळ शोधायला लावावी. आकडा मूळ कागदावर स्वतः पाहावा.

कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, कोरलेल्या कातळशिल्पांचे प्रकरण वेगळ्या कारणाने नाजूक आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून सडे पालथे घालून, गावकऱ्यांना विचारून विचारून ही चित्रे उजेडात आणली. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ इत्यादी ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. ही चित्रे कोणी आणि केव्हा कोरली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. यंत्राला ‘कातळशिल्पे किती वर्षांपूर्वीची?’ असे विचारले तर ते एक आकडा ठणकावून सांगण्याची भीती असते. ‘कोणाचे काय मत आहे आणि ते कशाच्या आधारावर?’ असे विचारावे. आणि कातळावर कोरल्यासारखी चित्रे यंत्राकडून करवून घेतली, तर त्यांवर तशी नोंद ठळक लिहावी. सडा उन्हात तुडवणाऱ्या माणसाला खोट्या फोटोच्या मागे धावायला लावणे हा गुन्हाच आहे.

मराठीत विचारावे की इंग्रजीत, ही शंका प्रत्येक जण काढतो. यंत्र मजकुराचे टोकन नावाचे तुकडे पाडते, आणि देवनागरीचे तुकडे पूर्वी फार बारीक पडत. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आले तेव्हा ओपनएआयने दिलेल्या मराठी नमुन्याला आधी ९६ टोकन लागत होती, ती ३३ वर आली. चॅटबॉटशी आता मराठीत बिनधास्त बोलावे. चित्रांसाठी, विशेषतः जुन्या साधनांत, इंग्रजी वर्णन अजून सरस ठरते. बोलीचा प्रश्न याहून अवघड. संगमेश्वरी बोलीत संवाद मागितला तर पुस्तकी मराठीवर थोडे मालवणी शिंपडून मिळण्याचा धोका असतो. त्यावर उपाय जीपीटी-३ नेच दाखवलेला आहे. आपल्या आजीच्या किंवा शेजाऱ्याच्या तोंडचे आठ-दहा वाक्यांचे खरे बोलणे नमुना म्हणून आधी द्यावे, आणि जे येईल ते त्याच माणसाला वाचून दाखवावे.

सातबारा, आधार क्रमांक, दवाखान्याचे कागद यंत्रात टाकू नयेत, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण लोक टाकतात.

वर मी यंत्राच्या अपुऱ्या माहितीबद्दल लिहिले, पण ती अपुरी राहण्यात आपलाही वाटा आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, छायाचित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स आहे, दोन्हीकडे कोणीही भर घालू शकतो. पाखाडी, गडगा, रहाट, नमनातली सोंगे, मिरकरवाड्याच्या जेटीवरची जाळी यांचे स्वच्छ फोटो नीट मराठी वर्णनासह तिथे गेले, तर पुढच्या यंत्रांना निदान शिकायला काहीतरी मिळेल.

नव्याने सुरुवात करणाऱ्या वाचकाला एवढेच सांगणे आहे की, पहिले पंधरा दिवस यंत्राला अनोळखी विषयांवर काही विचारू नये. आपला धंदा, आपले गाव, आपल्या घरचा स्वयंपाक, आपण शिकवतो तो धडा यांवर विचारावे. उत्तरातली चूक तिथे लगेच ओळखता येते, आणि आपण काय सांगायचे राहिले होते तेही तिथेच कळते.