मोटारीचे आसन आणि चालकाची पाठ : विसाव्या शतकातील संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कंबरदुखी हा मानवाचा फार जुना विकार आहे. कमरेपासून पायापर्यंत उतरत जाणाऱ्या वेदनेचे वर्णन चरकसंहितेत वातव्याधींच्या विवेचनात 'गृध्रसी' या नावाने आलेले आहे. त्यामुळे मोटारीने पाठदुखी निर्माण केली, असे म्हणता येत नाही. मात्र हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर आणि नजर रस्त्यावर खिळलेली, अशा अवस्थेत हादरणाऱ्या आसनावर दिवसाचे अनेक तास बसून राहणे ही शारीरिक स्थिती विसाव्या शतकातच मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली. बैलगाडी हाकणाऱ्याला खाली उतरून चार पावले चालता येत असे. मोटारचालकाला ती मोकळीक राहिली नाही.

मोटारीचा इतिहास सामान्यतः इंजिन, वेग, कारखानदारी आणि रस्ते यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. ज्या आसनावर बसून ही मोटार चालवली गेली, त्याचा विचार त्या मानाने कमी झाला. त्रासदायक आसनामुळे होणाऱ्या पाठदुखीकडे वैद्यक, अभियांत्रिकी आणि कायदा यांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा आढावा येथे घेतला आहे.

उद्दिष्टे

1. मोटारीच्या आसनरचनेतील प्रमुख टप्पे पाहणे.
2. आसन आणि पाठदुखी यांच्या संबंधाविषयीच्या वैद्यकीय संशोधनाचा क्रम व त्यात झालेल्या दुरुस्त्या तपासणे.
3. या संशोधनाचा व्यावसायिक चालकाच्या दृष्टीने अर्थ लावणे.

अभ्यासपद्धती

प्रकाशित वैद्यकीय संशोधन, अभियांत्रिकी मानके आणि कायदे यांच्या आधारे ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने मांडणी केली आहे.

घोडागाडीचा वारसा

आरंभीच्या मोटारींचे सांगाडे बहुधा घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांनीच घडवले. त्यामुळे आसनही घोडागाडीतलेच आले : लाकडी चौकट, स्प्रिंगा, भरणीचा कापूस किंवा घोड्याचे केस आणि वरून चामडे. पुढे आसननिर्मितीत नावाजलेल्या रेकारो या जर्मन उद्योगाचे मूळही 1906 मध्ये स्टुटगार्ट येथे सुरू झालेल्या गाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यात आहे.

अमेरिकेत 1908 ते 1927 या काळात फोर्डच्या 'मॉडेल टी'च्या दीड कोटी मोटारी तयार झाल्या. तिच्या बहुतेक प्रकारांत पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली असे. पेट्रोल भरायचे तर चालकाला उठून गादी उचलावी लागे. आसनाची जागा आणि उंची यंत्राच्या सोयीने ठरत होती, हे या एका उदाहरणावरून लक्षात येते. बसणाऱ्याने आसनाशी जुळवून घ्यावे, हा त्या काळातील अलिखित नियम होता.

या नियमाला मापनाच्या मार्गाने पहिले मोठे आव्हान मिळाले ते रेल्वेच्या क्षेत्रात. हार्वर्ड विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ अर्नेस्ट हूटन यांनी रेल्वेच्या आसनांसाठी तीन हजारांहून अधिक प्रवाशांची शरीरमापे घेतली आणि 1945 मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शरीर मोजून त्यावरून आसन ठरवावे, हा विचार पुढे मोटारीच्या क्षेत्रातही रुजला.

क्ष-किरण आणि कमरेचा बाक

तत्पूर्वी 1934 मध्ये बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला होता. पायात उतरणाऱ्या वेदनेमागे अनेकदा दोन मणक्यांमधील चकती फुटून किंवा सरकून नसेवर येणारा दाब असतो, असे त्यांनी दाखवले. मराठी बोलीत यालाच 'गादी सरकणे' म्हणतात. या निष्कर्षामुळे पाठदुखीचे स्थान शरीरात बोट ठेवून दाखवता येऊ लागले. चकतीवर ताण कशाने येतो, हा प्रश्न आता साहजिकच पुढे आला.

अमेरिकेतील नेब्रास्का येथील मज्जाशल्यविशारद जे. जे. कीगन यांनी 1953 मध्ये त्याचे एक उत्तर दिले. मोजक्या व्यक्तींना कुशीवर निजवून, धड आणि मांडी यांच्यातील कोन बदलत त्यांनी क्ष-किरण चित्रे घेतली. हा कोन सुमारे 135 अंश असताना कमरेचा कणा स्वाभाविक स्थितीत असतो. तो 90 अंशांपर्यंत कमी होत गेला की कमरेचा आतला बाक सपाट होतो, असे त्यांना आढळले. 1964 मध्ये त्यांनी मोटारीच्या आसनात कमरेचा बाक सपाट होण्याच्या समस्येवर अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेपुढे स्वतंत्र निबंध सादर केला. डॉक्टरांच्या खोलीतला प्रश्न अशा रीतीने कारखान्याच्या दारात पोहोचला. याच सुमारास स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने कमरेचा आधार कमी-अधिक करता येईल अशी आसने आपल्या मोटारींत आणली.

चकतीतील दाबाचे मापन

पुढील टप्पा स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे घडला. आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात जिवंत व्यक्तीच्या चकतीत सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला. उभे असतानाचा दाब 100 मानला तर आधाराविना बसल्यावर तो सुमारे 140 होतो, असे त्यांचे सुप्रसिद्ध अनुमान होते. बसणे म्हणजे विश्रांती, ही सर्वसामान्य समजूत त्यामुळे डळमळीत झाली.

त्यांचे सहकारी अँडरसन आणि ओर्टेनग्रेन यांच्या समवेत 1974 मध्ये मोटारचालकाच्या आसनाचाच अभ्यास करण्यात आला. आसनाची पाठ सुमारे 120 अंश मागे कललेली आणि कमरेशी सुमारे 5 सेंटिमीटरचा उठाव असेल तर दाब सर्वांत कमी राहतो, असे त्यात दिसले. क्लच दाबताना आणि गिअर बदलताना दाब वाढतो, हेही नोंदवले गेले. वर्दळीच्या शहरात क्षणाक्षणाला क्लच दाबणाऱ्या चालकाच्या संदर्भात ही नोंद विशेष बोलकी आहे.

1975 मध्ये केल्सी आणि हार्डी यांनी अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कामाचा निम्मा किंवा अधिक वेळ वाहन चालवणाऱ्यांत कमरेची चकती सरकण्याचा संभव इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. प्रयोगशाळेतील मापनाला लोकसमूहाच्या पाहणीचे बळ मिळाले आणि मोटारीचे आसन जवळजवळ दोषी ठरले.

निष्कर्षांची फेरतपासणी

मात्र पुढील संशोधनाने हा निकाल जसाच्या तसा राहू दिला नाही. 1990 च्या दशकात मिशिगन विद्यापीठात रीड आणि श्नायडर यांनी चालक प्रत्यक्षात कसे बसतात हे पाहिले. कमरेशी उठाव दिला तरी चालक उभे असतानाचा बाक राखून बसत नाहीत. त्यांची कंबर बरीच सपाटच राहते, असे त्यांना आढळले. आसन एक सुचवते आणि शरीर दुसरेच करते, असा हा अनुभव होता.

1999 मध्ये जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका व्यक्तीवर चकतीतील दाब नव्याने मोजला. सैल उभे असताना तो 0.5 मेगापास्कल, आधाराविना बसल्यावर 0.46, तर मागे रेलून ऐसपैस बसल्यावर सुमारे 0.3 मेगापास्कल भरला. म्हणजे बसण्याने दाब उभे राहण्यापेक्षा वाढतोच, हे गृहीतक टिकले नाही. रेलून बसण्याचा लाभ मात्र पुन्हा दिसून आला.

2002 मध्ये फिनलंडमधील 45 एकसमान जुळ्या बंधूंच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतील एकाने आयुष्यात दुसऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक वाहन चालवले होते. तरीही दोघांच्या चकत्यांच्या झिजेत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ चालकाची वेदना खोटी, असा होत नाही. चकतीची झीज आणि वेदना या एकच नव्हेत, एवढेच त्यातून सिद्ध होते. 2007 मधील एका साकल्याने घेतलेल्या आढाव्यानेही असेच सूचित केले की, केवळ बसणे हे कंबरदुखीचे कारण ठरत नाही. बसण्याला हादरे आणि अवघडलेली स्थिती यांची जोड मिळाली की धोका वाढतो.

हादरे, प्रमाणशरीर आणि कायदा

बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला सुमारे 4 ते 6 वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो. वाहनांतील हादरे अनेकदा याच टप्प्यात येतात. 1974 मध्ये शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांविषयी आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले आणि 2002 मध्ये युरोपीय संघाने कामगारांसाठी हादऱ्यांची मर्यादा ठरवली. जर्मनीत 1993 पासून दीर्घकाळ हादरे सोसून झालेला कमरेच्या चकतीचा विकार व्यावसायिक रोग म्हणून मान्य झाला. मात्र या तरतुदीचा रोख अवजड वाहने व यंत्रे यांवर होता. साध्या मोटारीचे हादरे त्या मानाने सौम्य असल्याने टॅक्सीचालक बहुधा तिच्याबाहेर राहिला.

ज्या शरीरासाठी आसन घडवले जाते ते कोणाचे, हाही प्रश्न आहे. 1962 च्या अमेरिकी मानकातील मोजमापाचा पुतळा प्रौढ पुरुषाच्या शरीरावर आधारलेला होता आणि त्याची पाठ एकसंध होती. कमरेचा बाक तिच्यात वेगळा दाखवता येत नसे. भारतीय शरीरमापांचा देबकुमार चक्रवर्ती यांचा संग्रह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये प्रकाशित केला. तोपर्यंत मूळ ब्रिटिश आणि इटालियन आराखड्यांच्या अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या मोटारींनी भारतीय रस्त्यांवर कित्येक दशके काढली होती.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी 2023 पर्यंत मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असे आणि पुढचे आसन बहुधा सलग बाकासारखे असे. सलग बाक माणसे अधिक सामावून घेतो; परंतु एका विशिष्ट पाठीला जुळेल असा घडवता येत नाही. चालकांनी यावर स्वतःच तोडगे काढले. घडी घातलेला टॉवेल कमरेशी ठेवणे, लाकडी मण्यांचे आवरण पसरणे, बसकी गादी उशीने उंच करणे हे त्यांतील परिचित उपाय होत. कीगन यांना क्ष-किरणांनी जे उमगले त्याची ही अनुभवसिद्ध आवृत्ती म्हणता येईल. फरक इतकाच की या दुरुस्तीचा खर्च चालकाच्या खिशातून होत होता.

कामाच्या वेळेबाबत 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. सलग 5 तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांतीही बंधनकारक केली. पुढे 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा कायदा समाविष्ट करण्यात आला. परंतु 1961 चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असणाऱ्या आस्थापनांना लागू होता. स्वतःची टॅक्सी चालवणारा किंवा रोजच्या भाड्याने गाडी घेणारा चालक या संरक्षणात सहसा येत नसे. त्याची विश्रांती त्या दिवशीच्या मिळकतीवर अवलंबून राहिली.

निष्कर्ष

1. आसन आरंभी यंत्राच्या सोयीने घडले. शरीराचा विचार विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यात हळूहळू आला.

2. कोन आणि दाब या मापनांनी पाठदुखीचे नेमके कारण हाती आल्याचा विश्वास दिला. पुढील संशोधनाने तो मर्यादित केला. सर्वांना सर्वकाळ निर्दोष ठरेल असे आसन त्यातून निष्पन्न झाले नाही.

3. या दुरुस्त्यांनंतरही काही गोष्टी टिकून राहिल्या. पाठ थोडी मागे कललेली असावी, कमरेला बेताचा आधार मिळावा, पेडलपर्यंत पाय ताणावा लागू नये, हादरे कमी असावेत आणि मध्ये मध्ये उतरून शरीर मोकळे करावे, या साध्या सूचनांचे मोल कायम आहे.

4. यांतील पहिल्या काही बाबी चांगल्या आसनाने साधतात. शेवटची बाब कोणतेही आसन देऊ शकत नाही. ती वेळेतून मिळते. खाजगी मोटारीचा मालक ती स्वतः घेऊ शकतो. व्यावसायिक चालकाच्या बाबतीत मात्र ती मजुरीच्या पद्धतीवर आणि कायद्याच्या व्याप्तीवर अवलंबून असते. त्यामुळे चालकाच्या पाठदुखीचा इतिहास हा गादीच्या रचनेबरोबरच श्रमाच्या वेळेचाही इतिहास आहे, आणि श्रमाच्या इतिहासात त्याची नोंद होणे आवश्यक आहे.